संसार सुखाचा, तरी मनात दुसरं कुणी

अर्चनाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा अपॉइंटमेंटच्या वहीत त्यांच्या नावापुढे कारण लिहिलं होतं, ‘झोप येत नाही’. वय ४३, एका पतसंस्थेत नोकरी, नवऱ्याचं शेतीऔषधांचं दुकान, मुलगा दहावीत. पहिली वीस मिनिटं आम्ही झोपेबद्दलच बोललो. किती वाजता आडवं होता, चहा कितीदा, पाळी नियमित आहे का. सगळ्याची उत्तरं त्यांनी फॉर्म भरल्यासारखी दिली. मग पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मॅडम, घरात काही कमी नाही. आमचे हे दारू पीत नाहीत, हात उचलत नाहीत. सासूबाईसुद्धा चांगल्या आहेत. तरी माझ्या मनात दुसरं माणूस आहे. मी वाईट बाई आहे का हो?”

नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्यांनी “लिहा, कुणाला तरी उपयोग होईल” असं म्हटल्यावरच हे लिहिते आहे.

सांगलीत मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की दार उघडून बसणाऱ्या माणसाच्या हालचालीवरून कधी कधी तो आधीच ओळखू येतो. बाया विचारतात, “मी वाईट आहे का?” पुरुष विचारतात, “मला काही आजार आहे का?” शब्द वेगळे, धास्ती एकच. आपल्या मनात जे उठतंय ते इतरांच्या मनात उठत नसणार, आपणच तेवढे बिघडलेले.

ही धास्ती जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्रातली माणसं त्यांना पत्रं लिहून हेच विचारत होती की माझ्या मनात, माझ्या शरीरात जे होतं ते बरोबर की चूक. वाचकांच्या अशा प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूनं वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, पण कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही, १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. माझ्या खोलीत कुणी मान खाली घालून हा प्रश्न विचारतं तेव्हा मला त्या पत्रांची आठवण येते. उत्तर द्यायला मला कोर्टात जावं लागत नाही, एवढाच काय तो फरक. विचारणाऱ्याचा घसा अजून तसाच कोरडा पडतो.

त्या दिवशी मी अर्चनाताईंना पाण्याचा ग्लास दिला आणि म्हटलं, “मनात माणूस येणं ही वाईटपणाची खूण नाही. पण मला सगळं सांगा. घाई नाही.”

झालं होतं ते असं. लग्नाआधी त्या गाणं शिकायच्या. मिरजेत वाढलेल्या. सतार-तंबोऱ्यांच्या दुकानांची ती गल्ली, दर्ग्यातल्या उरुसाच्या वेळी रात्रभर चालणारं गाणं, जिथं गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे तिथं बसून ऐकलेल्या मैफली, हे सगळं त्यांच्या लहानपणाचा भाग. लग्नानंतर गाणं सुटलं. कुणी ‘सोड’ म्हणालं नाही, बरं का. तंबोरा गवसणीत घालून कपाटावर गेला आणि तिथंच राहिला. दीड वर्षापूर्वी एका मैत्रिणीनं ओढून त्यांना शनिवारच्या गाण्याच्या क्लासला नेलं. तिथं एक गृहस्थ यायचे. शाळेत शिक्षक, पेटी वाजवणारे, वयानं यांच्याच आगेमागे. पत्नी चार वर्षांपूर्वी वारलेली.

“काय झालं नेमकं?” मी विचारलं.

“काहीच नाही झालं. त्यांनी फक्त धागा सरकवला.”

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो. तो केसभर इकडेतिकडे केला की ठसठस वाजणारी तार एकदम खुलते, तिच्या आतून आणखी सूर निघायला लागतात. जवारी लागली असं म्हणतात त्याला. अर्चनाताईंच्या मांडीवर क्लासमधला तंबोरा होता, खर्ज, म्हणजे खालच्या ‘सा’ची तार, काही केल्या लागत नव्हता. ते गृहस्थ उठून आले, “एक मिनिट” म्हणाले, वाकून दोन बोटांनी धागा किंचित पुढं घेतला. “आता छेडा.” त्यांनी छेडली. “तार अशी बोलली ना मॅडम, माझ्या अंगावर काटा आला. आणि ते हसून म्हणाले, तुमचा निषाद फार नेमका लागतो, मी मागच्या शनिवारीच ऐकलं होतं.”

निषाद म्हणजे सप्तकातला ‘नी’. हे सांगताना त्यांनी स्वतःची दोन बोटं हवेत धरली होती. धागा सरकवण्याएवढी. मी ती बोटं विसरू शकलेली नाही.

पुढं मेसेज सुरू झाले. रागांच्या लिंक, बंदिशीचे शब्द, मग ‘जेवलात का’, मग रात्री अकराला ‘झोपलात?’ वर्षभरात दोनदा क्लासनंतर चहा प्यायला, बस. एकदा रस्ता ओलांडताना त्या गृहस्थांनी अर्चनाताईंचं कोपर धरलं. एवढंच. पण अर्चनाताईंची झोप गेली होती, पतसंस्थेत रोखीचा हिशेब दोनदा चुकला होता आणि मोबाइल स्वयंपाकघरात डब्यामागे ठेवायची सवय लागली होती. “मी कधी खोटं बोलले नाही हो आयुष्यात. आता शनिवारी मिरजेला जायचं म्हणून मला इतकी कारणं सुचतात. तांदूळ, शिंपी, मावशीची तब्येत. मलाच भीती वाटते माझी.”

त्यांना आईनं सांगितलेला उपाय माहीत होता. आईला अर्थातच काही ठाऊक नव्हतं, ‘मन सैरभैर झालंय’ एवढंच सांगितलं होतं. आई म्हणाली नाम घे. त्या रोज पहाटे जप करायच्या आणि जपात ठरवायच्या, आज त्यांची आठवण काढायची नाही. दिवसभर आठवणीशिवाय दुसरं काही सुचायचं नाही.

१९८७ साली डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांच्या मनात अस्वल जास्त आलं. अर्चनाताईंना मी हे सांगितलं आणि म्हटलं, जप सोडू नका, पण जपाला पहारेकरी करू नका. ते आठवले तर आठवू देत. ‘आले’ एवढं म्हणा आणि माळ पुढं ओढा. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

दुसरी गोष्ट मी त्यांना करायला सांगितली. पतसंस्थेची छोटी डायरी होती त्यांच्याकडे, दिवाळीला ठेवीदारांना देतात ती. मी म्हटलं, यात फक्त आकडे लिहा. मेसेजची वाट बघताना जीव किती वर आला, दहापैकी. मेसेज आल्यावर किती बरं वाटलं, दहापैकी. आणि तासाभरानं किती उरलं. तीन आठवड्यांनी डायरी आणली. वाट बघण्याचे आकडे आठ, नऊ, नऊ. मेसेज आल्याचे सहा, पाच, सहा. तासाभरानंतरचे तीन, दोन, चार. त्या स्वतःच गप्प झाल्या बघून.

हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला हे काम करताना सगळ्यात उपयोगी पडलेलं ज्ञान आहे. १९५४ मध्ये मॉन्ट्रियलला जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विजेची तार बसवली, खटका दाबला की तिथं वीज जायची, आणि उंदीर तो खटका पुन्हा पुन्हा दाबत राहिले. लोकांनी म्हटलं, सुखाचं केंद्र सापडलं. पुढं मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ नाहीसं केलं होतं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते उंदीर समोर अन्न असून खायला जात नव्हते. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच ओठ चाटायचे. आवड शाबूत होती, ओढ गेली होती. माणसात याच्या उलटही होतं. ओढ डोंगराएवढी आणि हातात आल्यावर चव बेताची.

त्यात भर अनिश्चिततेची. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्रॅम शुल्ट्झ यांच्या गटानं माकडांवर काम करून २००३ साली दाखवलं, की बक्षीस मिळणार की नाही हे अगदी निम्मं-निम्मं असतं तेव्हा वाट बघतानाची डोपामिन पेशींची धडपड सर्वात जास्त असते. नक्की मिळणार असेल तर नाही, नक्की मिळणार नसेल तरी नाही. आता रात्री अकराला मेसेज येईल की नाही, हे याहून वेगळं काय आहे? निळ्या टिका दिसल्या, ‘टायपिंग’ दिसलं, मग काहीच नाही. एखादं माणूस रोज सकाळी नऊला नेमानं भेटत असतं तर त्याची अशी ओढ लागली असती का, हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, “आमचे हे रोज सकाळी नऊलाच भेटतात.” आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

इथपर्यंत माझं काम बरं चाललं होतं. इथं मी चुकले.

चौथ्या बैठकीत मी फार खात्रीनं बोलले. मी म्हटलं, “अर्चनाताई, मला वाटतं तुम्हाला ते गृहस्थ नकोच आहेत. तुम्हाला तुमचं गाणं हवंय. तुमचा निषाद कुणीतरी ऐकावा एवढंच हवंय.” मला ते सुंदर वाटलं होतं. सुटसुटीत. कुणाचंच घर मोडणार नाही असं. अर्चनाताईंनी पर्स उचलली. “मॅडम,” त्या म्हणाल्या, “मला गाणं हवंय. आणि मला तेही हवेत. त्यांचा हात हवाय. हे मी तुमच्यासमोरसुद्धा बोलायचं नाही का?”

पुढचे दोन आठवडे त्या आल्या नाहीत.

त्या दोन आठवड्यांत मी स्वतःला विचारलं, की बाईच्या तोंडून शरीराची इच्छा ऐकली की आपण लगेच तिला गाण्याचं, कलेचं, भक्तीचं सोवळं का नेसवतो? आपल्या भाषेच्या आजीकडे, महाराष्ट्री प्राकृताकडे, ‘गाथासप्तशती’ आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या सातशेच्या आसपास गाथा. त्यात गोदावरीच्या काठच्या, शेतावरच्या, साध्या घरातल्या बाया आपल्याला कोण हवंय ते मैत्रिणीला सांगतात, सासूपासून लपवतात, प्रवासाला गेलेल्याची वाट बघतात, परक्याकडे चोरून बघतात. कुणी त्यांना ‘तुला खरं तर शेती हवी आहे’ असं सांगत नाही. इतकं मोकळं बोलणं ज्या मातीत झालं तिथं मी एका बाईला गप्प केलं होतं. मी त्यांना फोन केला, माफी मागितली. त्या आल्या.

त्या बैठकीत त्या जे बोलल्या ते सगळं इथं लिहिणार नाही. एवढं सांगते, की नवऱ्याशी शरीरसंबंध जवळजवळ थांबला होता. भांडण नाही, आजार नाही. ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी सुरू झाली की तेव्हापासून पुढचे काही महिने ते दुकान आणि बागायतदार यांच्यातच असायचे, रात्री यायचे ते अंगाला औषधाचा वास घेऊन आणि पाठ टेकली की झोपायचे. हंगाम संपला तरी तीच सवय राहिली. “घरात माझा आवाज कुकरच्या शिट्टीच्या वर गेला तरच ऐकू येतो,” असं त्या म्हणाल्या. आणि दुसरं म्हणाल्या, “मला यांच्याबद्दल आतून काही वाटतच नाही आता. म्हणजे संपलंच ना?”

हे मला थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘आतून वाटत नाही म्हणजे संपलं’ हा समज फार घरांत फार नुकसान करतो. सिनेमात इच्छा नेहमी आधी येते. नजर भिडते, वारा सुटतो, मग बाकीचं. २००० साली रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी मांडलं, की दीर्घ सहवासातल्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. आधी इच्छा नसते, नकारही नसतो. जवळीक, स्पर्श, निवांतपणा, मनाजोगतं वागवलं जाणं हे आधी येतं आणि इच्छा त्यातून जागी होते. वाट बघत बसलं तर ती येतच नाही. याचा अर्थ मन नसताना ‘करून टाका’ असा मुळीच नाही. उलट, जिथं जवळीकच उरलेली नाही तिथं इच्छा का नाही म्हणून स्वतःला दोष देणं थांबवा, असा आहे. त्या क्लासमधल्या गृहस्थांबद्दल इच्छा ‘आपोआप’ उठली असं त्यांना वाटत होतं. आपोआप कुठं? आधी कुणीतरी मागच्या शनिवारचा निषाद लक्षात ठेवला होता. मग धागा सरकला. मग काटा आला.

अर्चनाताईंच्या मनावर सगळ्यात मोठं ओझं आईच्या गीतेचं होतं. ‘ध्यायतो विषयान्पुंसः’ हा दुसऱ्या अध्यायातला श्लोक आई रोज म्हणायची. विषयाचं चिंतन केलं की आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि पुढच्या श्लोकात शेवटी बुद्धिनाश. “मी तिसऱ्या पायरीवर आहे,” त्या म्हणाल्या. मला हा श्लोक फार खरा वाटतो. चिंतनानं ओढ वाढते हे त्यांची डायरीही सांगतच होती. पण त्याच परंपरेत ऋग्वेदाचं नासदीय सूक्तही आहे, ज्यात सृष्टीच्या आरंभी सर्वांत आधी काम उत्पन्न झाला असं म्हटलंय, मनाचं पहिलं बीज म्हणून. आणि काम हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे, पातकांच्या यादीतला नव्हे. मी त्यांना म्हटलं, तुमच्या आईचा श्लोक आणि हे सूक्त, दोन्ही जवळ ठेवा. एक सांगतं ही गोष्ट कुठं नेऊ शकते, दुसरं सांगतं ती कुठून येते.

त्यांच्या त्या तांदळाच्या, शिंप्याच्या कारणांची मात्र त्यांना फार लाज वाटत होती. तेव्हा मी त्यांना ग्रीकांची एक कथा सांगितली. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या संवादात सॉक्रेटिस ती सांगतो, डायोटिमा नावाच्या विदुषीकडून ऐकलेली. देवांची मेजवानी चालू असते, दाराशी पेनिया, म्हणजे दैन्य, मागायला आलेली असते. आत पोरोस, युक्तीचा आणि साधनसंपन्नतेचा देव, मद्य पिऊन बागेत झोपलेला. त्या दोघांचं मूल म्हणजे इरॉस, प्रेमेच्छा. म्हणून तो आईसारखा अनवाणी, बेघर, कायम काहीतरी कमी असलेला. आणि बापासारखा हुन्नरी, सतत डाव रचणारा. अर्चनाताई ऐकता ऐकता हसल्या. “म्हणजे तांदूळ बापाकडून आलेत.” त्या खोलीत त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, “आणि आईकडून काय कमी आहे ते मला बघायला हवं.”

मी सहसा सिनेमे ‘देत’ नाही. माणूस सिनेमात आपल्या सोयीचं तेवढं शोधतं. पण अर्चनाताईंना मी सत्यजित रायांचा ‘चारुलता’ बघायला सांगितला. १९६४ चा, रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या कथेवरचा. श्रीमंत घरातली एकटी चारू, वर्तमानपत्र काढण्यात बुडालेला भला नवरा भूपती, आणि घरी आलेला तरुण, कविता करणारा आतेदीर अमल. चारूचं मन अमलवर जडतं, आणि त्याच दिवसांत ती लिहायला लागते, तिचा लेख छापूनही येतो. मला वाटलं होतं अर्चनाताई लेखनाबद्दल बोलतील. म्हणजे मी अजूनही त्याच चुकीच्या वळणावर उभी होते.

त्यांना वेगळंच दिसलं होतं. सुरुवातीला चारू दुपारच्या वेळी हातात छोटी दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत धावत रस्त्यावरची माणसं बघते. मग भूपती पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून जातो, ती तिथं आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. तेव्हा ती तीच दुर्बीण पाठमोऱ्या नवऱ्याकडे लावते.

“ताई,” अर्चनाताई म्हणाल्या. ‘मॅडम’ कधी गळून पडलं होतं माझ्या लक्षात आलं नाही. “तो तिला बघत नाही हे सगळ्यांना दिसतं. पण तीही त्याला दुर्बिणीतूनच बघते ना? जवळून हाक मारत नाही. मी पण सात-आठ वर्षं यांना लांबूनच बघतेय. दमलेत, चिडलेत, झोपलेत. कधी विचारलं नाही की तुम्हाला काय हवंय.”

त्यानंतर कुठलाही उपाय मी सुचवला नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं. शनिवारी क्लास संपल्यावर त्या गृहस्थांना थांबवलं आणि सांगितलं की रात्रीचे मेसेज नकोत, मला त्रास होतो, दोष तुमचा नाही. ते म्हणाले, “मलाही होतो.” दोघं थोडा वेळ उभे राहिले. मग ते स्टँडच्या दिशेनं गेले. तीन महिने क्लासला जायचं नाही असंही अर्चनाताईंनीच ठरवलं. मी म्हटलं नव्हतं. जायचं की नाही यावर मी कुणालाच एक नियम सांगत नाही. काहींना ओढ असूनही त्याच खोलीत शांत बसता येतं, काहींना अंतर लागतं. आपण कुठल्यातले हे आपल्यालाच ठाऊक असतं, आणि तिथं मात्र स्वतःशी खोटं बोलू नये.

ते तीन महिने त्यांना फार जड गेले. हे लिहायलाच हवं, कारण असा निर्णय घेतल्यावर लोकांना वाटतं की आता बरं वाटायला हवं. नाही वाटत. या दुःखाला सुतक नसतं. कुणी भेटायला येत नाही, कुणी ‘जेवलीस का’ विचारत नाही, कारण कुणाला माहीतच नसतं. मुलाची प्रिलिम, पतसंस्थेचा वर्षअखेरीचा हिशेब, सासूबाईंचा मोतीबिंदू, हे सगळं करत त्या आतल्या आत एका माणसाला निरोप देत होत्या. दर मंगळवारी माझ्याकडे येऊन नुसत्या रडायच्या. मी रडू दिलं. त्या काळात झोप पुन्हा गेली, वजन उतरलं, तेव्हा मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि काही आठवडे औषध चाललं. ओढ तुटताना कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर एकट्यानं झेलू नये. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरावर रात्रंदिवस असते, मराठीतही बोलता येतं.

नवऱ्याला सांगायचं का, हे त्या प्रत्येक वेळी विचारायच्या. माझं मत असं, की नुसतं आपलं ओझं उतरवण्यासाठी सांगू नये, आणि नुसतं घाबरून लपवूही नये. सांगितल्यानंतर आपण दोघं कुठल्या विषयावर बोलणार आहोत हे ज्याला माहीत आहे त्यानं सांगावं. अर्चनाताईंनी आधी त्या गृहस्थांबद्दल काही सांगितलं नाही. आधी एवढंच म्हणाल्या, “मला तंबोरा खाली काढून द्या.”

नवऱ्यानं कपाटावरून काढून दिला. भोपळ्याला तडा गेला नव्हता, पण तारा गंजलेल्या, जवारी पार गेलेली. एका रविवारी दुकान बंद ठेवून त्यांनी तो स्कूटरवर दोघांच्या मध्ये उभा धरून मिरजेला नेला. कारागीर घोडी घासत असताना नवरा वाकून बघत होता. “हा दोरा कशाला?” त्यांनी विचारलं. अर्चनाताईंनी धागा कसा सरकवायचा ते दाखवलं. त्यांची बोटं जाड, औषधाच्या कॅनची झाकणं उघडून राठ झालेली. त्यांना जमलं नाही. दहा मिनिटांनी ते बाहेर फोनवर बोलायला गेले. “मला राग आला,” अर्चनाताई मला म्हणाल्या, “आणि तार लागल्यावर मला क्लासातले तेच आठवले. हे जाणार नाही बहुतेक.” मी म्हटलं, जाणार नाही कदाचित. त्यांनी मान हलवली.

मार्चच्या शेवटी, द्राक्षाचा हंगाम आवरल्यावर, अर्चनाताईंनी नवऱ्यासह दोघांसाठी वेळ मागितली. ते आले तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, हातात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा. समुपदेशकाकडे ते पहिल्यांदाच आले होते. सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, “मॅडम, मला नीट कळत नाही या गोष्टी. हिला नक्की काय झालं होतं, ते तुम्हीच सांगा.”

“मी सांगते,” अर्चनाताई म्हणाल्या, आणि आपली खुर्ची माझ्याकडून त्यांच्याकडे वळवली.